फळ्यावरचे याकोबमामा

आमच्या मूल गावच्या बसथांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दोन गोष्टी फुकट मिळतात. एक, राइस मिलमधून उडून आलेला कोंडा आणि दुसरी, याकोबमामांचं भाष्य. दोन्ही थेट डोळ्यात जातात. कोंडा निदान चोळला की निघतो.

याकोबमामा माझे सख्खे मामा. त्यांचं घर थांब्याला लागून आहे आणि घराच्या कुंपणभिंतीवर एक भला मोठा काळा फळा ठोकलेला आहे. इतर गावांत अशा फळ्यावर सुविचार असतो, सत्य बोला, पाणी वाचवा वगैरे. मामांना सुविचार अजिबात खपत नाही. ‘सुविचार म्हंजे झोपलेल्या माणसावर अजून एक चादर टाकणं,’ असं त्यांचं मत आहे. त्यामुळे आमच्या थांब्यावर भाष्य असतं. देव, धर्म, चर्च, विज्ञान आणि नास्तिक यांच्याबद्दल जगात काल जे काही बोललं गेलं, त्याचा निकाल मामा आज पहिल्या गाडीच्या आधी लावून मोकळे होतात.

चंद्रावर यान उतरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गावभर पेढे वाटणं चालू होतं. फळ्यावर होतं, ‘यान चंद्रावर पोचले. आनंद आहे. चंद्र तिथे आधीपासून कोणी ठेवला होता?’

टीव्हीवर देव आहे की नाही यावर चार विद्वानांची झटापट झाली. फळ्यावर: ‘काल रात्री देवावर चर्चा झाली. निकाल लागला नाही. मधल्या वेळात साबण विकून झाला.’

मामा फक्त न मानणाऱ्यांनाच झोडपतात असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. ते घरचा आहेर आधी देतात. कुठल्याशा परदेशी उपदेशकानं जगाच्या अंताची तारीख जाहीर केली आणि आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन-तीन बाया घाबरून उपास करू लागल्या, तेव्हा मामांनी लिहिलं, ‘ज्याने अंताची तारीख सांगितली त्याने पुढच्या वर्षाचा विमा भरला आहे का, ते आधी विचारा.’ डिसेंबर लागला की, ‘सांताक्लॉज नावाच्या इसमाची आमच्या मंडळीच्या रजिस्टरात नोंद नाही.’ आणि घरी बसून मोबाईलवर उपासना पाहणाऱ्यांसाठी, ‘प्रसारण उत्तम होते असे कळले. रविवारचे जेवणही प्रसारणातून घ्यावे.’ हे शेवटचं माझ्यासाठी होतं. माझं नाव नव्हतं, पण खाली चित्र होतं आणि चित्रातल्या माणसाला माझं पोट होतं.

चित्राचं सांगायला हवं. मामा शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. निवृत्त होताना शाळा त्यांना घड्याळ देणार होती. मामा म्हणाले, घड्याळ नको, सहावीच्या खोलीतला जुना फळा द्या. शाळेला तो फळा टाकायचाच होता. तर भाष्याखाली मामा रोज एक चित्र काढतात. त्यांच्या चित्रात मानणारा माणूस कसाही असतो, जाडा, बारका, टकला. न मानणारा मात्र वर्षानुवर्षं एकच आहे. उंच, जरा पोक काढून चालणारा, चष्मेवाला. थांब्यावरच्या परगावच्या लोकांना वाटतं की नास्तिकाला चष्मा लागतो. गावच्या लोकांना माहीत आहे की तो चष्मा सुधीरचा आहे.

सुधीर म्हणजे मामांचा एकुलता एक मुलगा. चंद्रपूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो.

पण त्याच्याकडे येण्याआधी मामांनी मानवजातीचे केलेले तीन भाग सांगतो, कारण त्यातल्या एका भागाचा मी अधिकृत नमुना आहे. पहिले मानणारे. दुसरे न मानणारे. तिसरे ‘चालते’वाले. ‘न मानणाऱ्याशी भांडता येते,’ मामा सांगतात. ‘तो निदान दिवसभर देवाचं नाव तं घेते. हा चालतेवाला कसा हाय, त्याले देव हाय म्हणा, चालते. नाई म्हणा, चालते. चहात साखर नाई तं मात्र चालत नाई.’ एवढं बोलून ते माझ्याकडे बोट दाखवतात. पाहुण्यांना मी असाच दाखवला जातो, बागेतलं एखादं विशेष झाड दाखवावं तसा. मी पंचायत समितीत नोकरी करतो. ‘चालते’ हा शब्द तिथं गैर मानत नाहीत, उलट त्यावरच आमचं कार्यालय चालतं. चर्चमध्ये मी नाताळला जातो, पुनरुत्थानाच्या सणाला जातो आणि उपासनेनंतर जेवण असेल त्या रविवारी जातो. या तिसऱ्या गटात मी इतका नियमित आहे की मामांनीसुद्धा माझ्या सातत्याचं एकदा कौतुक केलं होतं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब तरुण आहेत. नवीन आले तेव्हा त्यांनी उपासनेत गिटार आणली. मंडळीत दोन तट पडले. मी अर्थातच दोन्हीकडे होतो. सगळ्यांना वाटलं मामा आता फळा लाल करणार. मामांनी पूर्ण उपासना शांतपणे ऐकली आणि बाहेर आल्यावर पाळकसाहेबांना म्हणाले, ‘वाद्याले मायी ना नाई. पण पेटी कशी मांडीजवळ घेऊन वाजवतेत. हे तुम्ही कमरेले काऊन लटकवून राह्यले? पाणी आणाले चालले का?’ पाळकसाहेब तेव्हापासून स्टुलावर बसून गिटार वाजवतात. रविवारी प्रवचन झालं की सोमवारी ते थांब्यावरून जरा हळू सायकल चालवतात, फळ्यावर आपलं काय झालं ते पाहायला.

आता सुधीर.

काही वर्षांपूर्वीचा एक रविवार. प्रभुभोजनाचा दिवस होता. भाकरीचं ताट रांगेतून फिरत सुधीरपर्यंत आलं आणि त्यानं ते न घेता शेजाऱ्याकडे सरकवलं. मग प्याला आला, तोही सरकवला. चर्चमध्ये कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलायचं काम लोक रस्त्यात करतात. मामांनी मात्र घराच्या दारापर्यंत वाट पाहिली. तिथं विचारलं, ‘काऊन घेतलं नाई?’

सुधीर म्हणाला, ‘बाबा, मी आता मानत नाई. न मानता घेतलं तर ते खोटं होईल.’

मामांनी पोराला आयुष्यात एकच गोष्ट मार देऊन शिकवली होती, खोटं बोलायचं नाही. ती त्यानं पाळली होती. त्यामुळे मामांची अशी काही कोंडी झाली की त्यांना रागावताही येईना. ते म्हणाले, ‘याचं उत्तर मी तुले देतो. तोपर्यंत आपलं बोलणं बंद.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, गोठ्यात पडून असलेला सहावीचा फळा रस्त्याकडेच्या भिंतीवर चढला.

उत्तर अजून सापडलेलं नाही. बोलणं तेव्हापासून बंद आहे.

बोलणं बंद म्हणजे तोंडानं बंद. सुधीर दर शनिवारी आईला भेटायला येतो. त्याची गाडी वळणावर दिसली की मामा चपला घालतात आणि समोरच्या रहीमभाईंच्या शिलाईच्या दुकानात जाऊन बसतात. पाठ घराकडे करून. रहीमभाईंच्या दुकानात कपडे घालून पाहायला एक उंच आरसा आहे. मामा बरोबर त्या आरशासमोरच्या स्टुलावर बसतात आणि आरशात त्यांचं घर, दार, दारातली गाडी सगळं स्वच्छ दिसतं. आमची मामी हे जाणून आहे. ती सुधीरची खुर्ची घरात न मांडता ओसरीवर मांडते.

आणि शनिवारच्या भाष्याला चित्र नसतं. फळ्याचा खालचा अर्धा भाग पुसलेला असतो आणि भिंतीच्या कोनाड्यात नवा खडू असतो. सुधीर निघताना तिथं थांबतो, खाली काहीतरी लिहितो आणि जातो. चंद्रावरच्या भाष्याखाली त्यानं लिहिलं, ‘ठेवला नाही. फिरतो आहे.’ मामांनी ते पुसलं नाही. रविवारी वर नवीन ओळ आली, ‘फिरवतो कोण?’ पुढच्या शनिवारी खाली, ‘गुरुत्वाकर्षण.’ रविवारी वर, ‘त्याची नेमणूक कोणी केली?’ सरकारी माणूस म्हणून मला हा मुद्दा बिनतोड वाटला. पण सुधीरनं पुढच्या खेपेला खाली फक्त मामांचा चष्मेवाला काढला, त्याला जाड मिशी लावली आणि निघून गेला. ती मिशी मामांनी पुढे कायम ठेवली.

या वादात थांब्यावरचे सगळे लोक ओढले गेले. गडचिरोलीहून येणाऱ्या गाडीचा एक कंडक्टर तर शनिवारचं उत्तर वाचून झाल्याशिवाय घंटी मारत नाही. प्रवासी ओरडले तर म्हणतो, ‘थांबा ना बापा, मास्तर अडकला दिसते.’

रहीमभाई मामांचे जुने दोस्त. दोघांचं एकमत होईल असा विषय अजून सापडायचा आहे, फक्त न मानणाऱ्यांचा विषय निघाला की दोघं एका बाकावर येतात. एकदा शर्टाला काज करता करता रहीमभाई म्हणाले, ‘याकोब, तेरा लडका देव नाई मानता. माया पोट्टा बापाले नाई मानत. आता सांग, कोणाचं दुखणं मोठं?’

मी तिथंच पायजमा घ्यायला बसलो होतो. मामा आरशात पाहत म्हणाले, ‘तुयं. माया पोट्टा मले मानते. म्हणून तं खोटं नाई बोलला.’

रहीमभाईंनी सुई तोंडात धरली आणि पुढचं काज हातात घेतलं.

यंदा धान कापणीला आलं तेव्हा मामीनं मला बोलावून घेतलं. सुधीरला बंगळुरूला नोकरी लागली होती. हंगामाचा सण झाला की दुसऱ्या दिवशी निघणार होता. मामी तांदूळ निवडत होती, निवडता निवडता म्हणाली, ‘विनू, तो गेला का शनिवार गेला. आता फळ्यावरचंही बंद होईन. तू तुया मामाले सांग काहीतरी. एक शब्द बोला म्हणा, बस.’

मी म्हटलं, सांगतो. मला मध्यस्थीचा अनुभव आहे. पंचायत समितीत मी अनेक भांडणांत मध्यस्थी केलेली आहे आणि त्यातली बहुतेक भांडणं अजून चालू आहेत.

मी मामांकडे गेलो. मनात छान मांडणी करून गेलो होतो, की मामा, विचार वेगळे असले तरी रक्त एक आहे, वगैरे. मामांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि माझं पहिलं वाक्य पुरं होण्याआधी विचारलं, ‘विन्या, देव हाय का नाई?’

मी म्हटलं, ‘मामा, मी वेगळ्या कामासाठी आलो.’

‘हाय का नाई?’

मी म्हटलं, ‘म्हणजे, तसं पाहिलं तर...’

मामांनी हात जोडले. ‘ज्याच्यापाशी सोताचं उत्तर नाई, त्यानं दुसऱ्याचं घेऊन येऊ नये.’ मग माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारलं, ‘बंगळुरूले कोणत्या गाडीनं जाऊन राह्यला? रेल्वेनं?’

मी म्हटलं, मोटारीनं, सामान आहे म्हणून. मामा ‘हं’ म्हणाले आणि परसात निघून गेले. तिकडे कोहळ्याचा वेल होता. माझी मध्यस्थी तिथं संपली.

त्या आठवड्यात फळा कोरा होता. रोजचा लिहिणारा माणूस, पण सोमवार गेला, मंगळवार गेला, काही नाही. थांब्यावर लोक अस्वस्थ झाले. एकानं विचारलं, मास्तर, जगात वाद संपले का? मामा म्हणाले, खडू संपला. मी कोनाड्यात पाहिलं, खडूची नवी पेटी होती. शनिवारी सुधीर आला तेव्हाही फळा वरपासून खालपर्यंत कोरा. तो त्याच्यासमोर उभा राहिला. खडू उचलला, हातात फिरवला आणि परत ठेवून दिला. वर प्रश्न नसेल तर खाली उत्तर लिहायचं कुठं? समोर रहीमभाईंच्या आरशात मामांनी ते पाहिलं असणारच.

आता आमच्या हंगामाच्या सणाची पद्धत सांगायला हवी. धान चुरून म्हणजे मळून झालं की एका रविवारी मंडळीतलं प्रत्येक घर माणशी एक वस्तू चर्चमध्ये आणतं. धान, लाखोरीची डाळ, शिंगाडे, कोंबडा, ज्याचं जे असेल ते. उपासना झाली की चिंचेखाली त्याचा लिलाव होतो. आमच्याकडे बोली पैशात होत नाही, धानात होते. एक पायली, दोन पायली. जिंकणारा तेवढं धान मंडळीच्या कोठीत भरतो आणि ते वर्षभर ज्याच्या घरी चूल अडते त्याच्याकडे जातं. ज्याची स्वतःची बांधी, म्हणजे धानाची शेती, नाही, त्याला बोली बोलायची तर सगळ्यांसमोर सांगावं लागतं की धान कोणाच्या कोठीतून येणार. त्या घरानं ‘हो’ म्हटलं तरच बोली पक्की. रहीमभाई दरवर्षी कोंबडा घ्यायला येतात आणि दरवर्षी खणखणीत आवाजात सांगतात, ‘याकोबच्या कोठीतून.’ मामाही ते धान मुकाट्यानं भरतात. बदल्यात त्यांचे सदरे रहीमभाई शिवतात. आता सदरे जास्त झाले की धान, यावर दोघांचा स्वतंत्र वाद आहे.

लिलाव पुकारतात याकोबमामा. तीन वार झालं की घेणाऱ्यानं मेजापाशी यायचं. मामा त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देणार, त्यानं आमेन म्हणायचं, मग वस्तू हातात. आमेन ऐकू आलं नाही तर मामा वस्तू सोडत नाहीत. एका वर्षी माझ्या तोंडात शिंगाडा होता, तर त्यांच्याच कोठीच्या भरवशावर घेतलेली माझी लाखोरी त्यांनी मी चावून होईपर्यंत धरून ठेवली होती.

आणि प्रत्येक वस्तू ज्याच्या नावाची, त्याचं नाव पुकारलं जातं. हा मामांचाच हट्ट. एकाचं अर्पण दुसऱ्यानं आणायचं नाही. फळ्यावर कितीदा लिहिलंय, ‘धान उसने मिळते. विश्वास उसना मिळत नाही.’

असं असताना मामांच्या घरून मात्र तीन वस्तू येतात. एक मामांच्या नावाची, एक मामीच्या, आणि तिसरीच्या वेळी मामा घाईघाईनं ‘घरची’ एवढंच म्हणून पुढे सरकतात. सुधीरनं ताट सरकवलं त्या वर्षापासून. ती कोणाच्या नावची, हे सगळ्यांना कळतं. पाळकसाहेबसुद्धा त्या वेळी चिंचेकडे पाहतात. मंडळीत नियमाची चूक काढायला टपलेले पुष्कळ लोक आहेत, पण ही चूक आजवर कोणी काढली नाही.

यंदाच्या सणाला मामी उशिरा आली. सुधीरनं तिला मोटारीतून आणलं होतं, कारण तिसरी वस्तू यंदा कोहळा होता आणि तो एकट्याला उचलण्यासारखा नव्हता. त्यानं कोहळा फाटकापर्यंत आणून दिला, आत नेला दुसऱ्यांनी. तो स्वतः फाटकाबाहेर मोटारीला टेकून उभा राहिला. निघून गेला नाही आणि आतही आला नाही.

लिलाव रंगला. मामांचा आवाज चढलेला होता. एका कोंबड्याबद्दल ते म्हणाले, ‘हा पाहा, रोज पहाटे न चुकता आरवते. याले कोणी विचारलं का, तू मानते का नाई? तो आपलं काम करून राह्यला. विन्या, पाहून घे.’ लोक हसले, मीही हसलो. कोंबडा रहीमभाईंनी घेतला.

मग कोहळा आला. मामांनी तो मेजावर नीट बसवला आणि आवाज एकदम खाली आला. ‘हा एक कोहळा. घरचा. बोला.’

रहीमभाई म्हणाले, ‘एक पायली.’

तेवढ्यात फाटकातून विचारणा झाली, ‘नाव कोणाचं हाय त्याच्यावर?’

सगळ्यांच्या माना वळल्या. मामांची वळली नाही. ते कोहळ्याकडे पाहतच म्हणाले, ‘नाव नाई.’

‘मग दोन पायली,’ सुधीर म्हणाला.

रहीमभाईंनी तोंड उघडलं होतं. त्यांनी ते मिटलं, मांडीवरचा कोंबडा सारखा केला आणि म्हणाले, ‘मेरा हो गया.’ चिंचेखाली आजवर त्यांनी एवढ्या लवकर हार मानल्याचं मला आठवत नाही.

‘एक वार,’ मामा म्हणाले. ‘दोन वार.’ आणि थांबले.

नियमाप्रमाणे एक प्रश्न विचारायचा राहिला होता. मामांनी तो गाळला असता तरी कोणी काही म्हटलं नसतं. पण गाळणारा माणूस तो नव्हे. परक्या माणसाला विचारावं तसं, आवाज चढवून त्यांनी विचारलं, ‘बोली बोलणाऱ्याले बांधी हाय का?’

‘नाई.’

‘मंग धान कोणाच्या कोठीतून?’

मी हळूच पोत्यांच्या मागे सरकलो. तो माझं नाव घेईल अशी मला दाट भीती वाटली. आत्याचा पोरगा, मध्यस्थ, कोणालाच नाही न म्हणणारा. आणि माझ्याकडे कोठी नाही, मी तांदूळ दुकानातून पिशवीत आणतो. मामीनं पदर तोंडाला लावला होता. सुधीरनं दुसऱ्या कोणाचंही नाव घेतलं असतं तर बापाचं घर आता त्याचं नाही, हे सगळ्या गावासमोर ठरलं असतं, आणि उद्या तो जाणार होता.

सुधीर फाटकातून आत आला. चिंचेपर्यंत आला. चष्मा काढून पुसला, परत लावला.

‘तुमच्या,’ तो म्हणाला. ‘दुसरी कोणती हाय मले?’

मामांनी तेव्हा त्याच्याकडे पाहिलं. आरशातून न पाहता, सरळ. त्या घरानं ‘हो’ म्हणायचं असतं. मामांनी मान हलवली, आणि मग तोंडानं म्हणाले, ‘तीन वार.’

आता खरी पंचाईत होती आणि ती तिथल्या प्रत्येकाला कळत होती. सुधीर मेजापाशी उभा. मामांचा हात सवयीनं वर उचलला गेलेला. हात डोक्यावर ठेवला की आशीर्वाद, आशीर्वाद दिला की आमेन. सुधीर खोटं म्हणणार नाही आणि मामा आमेनवाचून सोडणार नाहीत. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, बहुधा प्रार्थनेसाठी, पण मला वाटतं भीतीनं.

मामांचा हात हवेतच थोडा थांबला. मग तो खाली आला आणि कोहळ्यावर पडला. त्यांनी कोहळा जरा फिरवला, बोटानं वाजवून पाहिला.

‘डिक्कीत ठेवू नको,’ ते म्हणाले. ‘वळणावर गडगडते. मागच्या सीटवर ठेवजो. बुडाखाली पोतं टाकजो.’

‘हाव बाबा.’

‘देठाले धरून उचलू नको. देठ निघाला का सडते. नाई तं उन्हाळाभर टिकते, म्हणून हा ठेवला होता.’

‘हाव.’

‘आणि गाडी हळू चालवजो. थांबत थांबत जाजो.’

‘हाव बाबा.’

दोघांनी मिळून कोहळा उचलला. दोन्ही बाजूंनी हात लागलेले, आणि कोणीच सोडेना. मी पोत्यांमागून सगळ्यांत जवळ होतो, म्हणून मला ऐकू आलं. मामाच हळूच म्हणाले, ‘आमेन.’ आणि त्यांनी हात काढून घेतले.